भिंतीवरचं घड्याळ आणि दिल्लीचं विमान

वर्दी उतरवून काही वर्षं झाली, तरी ती सकाळ डोक्यातून जात नाही. मी तेव्हा नारायणगाव भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो.

भाड्याची गाडी चालवणाऱ्या एकाचा पुणे विमानतळावरून फोन आला. "सायब, नारायणगावातनं एक बाई अन् डोंगराकडची पोरगी आणली. पंधरा-सोळाची आसंल, रडत व्हती. बाई शिकवत व्हती, कुनी इचारलं तर मी तुझी मावशी म्हन. मला ह्ये बरं वाटत न्हाई." गाडी ठरवणारा एजंट त्याच्या ओळखीचा होता. आम्ही एजंटला घरातून उचललं.

तोवर विमान सुटलं होतं. पण कुठलं? त्या सुमारास एक बंगळुरूला गेलं होतं, एक दिल्लीला. दोन्ही विमानतळांवर कळवलं, पण मुलीचं नाव नाही, फोटो नाही. "नक्की विमान सांगा, माणसं लावतो," असं उत्तर आलं. एकदा ती विमानतळाबाहेर पडली की तिला कुठे विकतील याचा पत्ता लागला नसता.

अंगझडतीत एजंटचा मोबाइल आणि मनगटी घड्याळ जमा केलं. चौकशीत तो ताकास तूर लावू देईना. प्रत्येक प्रश्नाला आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा, मग "मला काय म्हाईत न्हाई, राव." माझ्या लक्षात आलं, गडी विमान उतरायची वाट बघतोय.

मी त्याला बोटांचे ठसे घ्यायला बाहेर पाठवलं आणि हवालदाराला घड्याळ पुढे करायला सांगितलं. स्टुलावर चढता चढता तो म्हणतो, "सायब, म्हंजी माझी ड्युटीबी लवकर सुटंल का?"

बंगळुरूला दीड तास लागतो. तेवढा उलटून गेल्याचं काट्यांनी दाखवलं, तरी एजंटची मान घड्याळाकडेच. पुन्हा बाहेर पाठवला. दिल्लीला दोन तासांच्या थोडं वर. या वेळी काटे त्याच्याही पुढे नेले. आत येऊन त्यानं वर पाहिलं, पाय पसरले आणि म्हणाला, "भाऊ, जरा चहा मागवा की." घाबरलेला माणूस स्वतःच्या अंदाजापेक्षा भिंतीवर जास्त विश्वास ठेवतो.

खरं तर दिल्लीचं विमान अजून हवेत होतं. मी तिथल्या पोलिसांना फोन लावला. विमान उतरताच महिला पोलिसांनी बाई-मुलगी अशा जोड्या बाजूला घेऊन एकेकीला मुलीचं गाव विचारलं. 'मावशी'ला ते सांगता येईना. मुलगी सुखरूप ताब्यात आल्याचा निरोप तिच्या वाडीच्या नावासकट आला, तेव्हा ठाण्यातल्या सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही.

दुपार कलल्यावर एक बाई पायऱ्या चढून आली. पाय धुळीनं भरलेले. "सायब, माझी पोर पहाटंपासनं न्हाई. भीमाशंकरच्या अंगाच्या वाडीवरनं आले. डोंगर उतरून येष्टी धरली, मग जीप. तक्रार घ्या."

मी म्हणालो, "बाई, मुलगी सापडली. दिल्लीत आहे, सुखरूप."

ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "आमी हितवर येस्तोवर ती दिल्लीला जाऊन सापडलीबी?"

चालकानं फोन केला नसता, तर तिची तक्रार लिहून घेईपर्यंत मुलगी कायमची गेली असती. पुढच्याच आठवड्यापासून आमची जीप त्या वाड्यांवर जायला लागली आणि माझी बदली होईपर्यंत एकही आठवडा चुकू दिला नाही. तक्रार चालत येण्याची वाट बघायची नाही, आपणच तिच्या दारात जायचं, हे मला त्या बाईनं शिकवलं.