अर्ध्यावर उठणारे साडू

आमच्या साडूंसारखा तयार कान कृष्णाकाठी दुसरा नाही, आणि त्या कानाचा त्यांच्या संसाराला काडीचाही उपयोग झालेला नाही, या दोन्ही गोष्टी मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीभर मोटारींच्या वर्कशॉपमध्ये ग्रीस पुसत राहिले, निवृत्त झाल्यावर सांगलीत आले आणि पेटी उघडून बसले. नवा माणूस भेटला की पेटीच्या हिशेबाने तो कोणत्या पट्टीत बोलतो हे ते आधी ओळखतात आणि नाव मागाहून विचारतात. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा सगळे मुलाचा पगार आणि शेती विचारत होते, साडू डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी निकाल दिला, की पोरगं काळी पाचमध्ये बोलतंय आणि आपली पोर पांढरी दोनमध्ये, हे जमायचं नाही. लग्न झालं, मला दोन नातवंडं झाली, संसार उत्तम चालला आहे. तरी जावई बोलायला लागला की साडूंचा चेहरा अजून कष्टी होतो.

त्यांच्या स्कूटरची मागची जागा पेटीची. मेहुणीबाई सिटी बसने जातात. पेटीच्या गवसणीला त्यांचंच एक इरकली लुगडं फाडलं होतं, हे त्यांना ते शिवून झाल्यावर कळलं. त्या आठवडाभर बोलल्या नाहीत. साडूंच्या ते आठव्या दिवशी लक्षात आलं.

शनिवार-रविवारी मिरज रस्त्यावरच्या एका गार्डन हॉटेलात साडू गातात आणि मी तबल्यावर साथ करतो. तिथले गाण्याचे नियम साडूंनी स्वतः बसवले आहेत. हॉटेल रिकामं असलं की संथ गाणी, म्हणजे आलेलं गिऱ्हाईक रेंगाळतं आणि रस्त्यावरून हॉटेल भरल्यासारखं दिसतं. दाराशी लोक नंबर लावून उभे राहिले की मालक गल्ल्यावरून नुसती मान हलवतो आणि साडू लय वाढवतात. जेवणाऱ्यांचे घास आपोआप भरभर उठायला लागतात आणि टेबलं मोकळी होतात. ही विद्या कुठल्या घराण्यात शिकवत असतील असं मला वाटत नाही. एकदा विरहाचं गाणं चालू असताना कोपऱ्यातल्या एका गृहस्थाच्या डोळ्यांना धार लागली. साडू इतके हेलावले की त्यांनी त्याच्याकडे बघत तेच कडवं तीनदा घोळवलं. शेवटी कळलं, की त्याला तांबडा रस्सा झोंबला होता आणि तो मघापासून पाणी मागत होता. वेटर गाणं ऐकत उभा होता.

आता लपवून काय करायचं, गाण्याच्या परीक्षा मी दिल्या आहेत. घरी भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत. साडूंनी शाळेत म्हटलेल्या प्रार्थनेपलीकडे शिक्षण घेतलेलं नाही. तरी बोलावणी त्यांना येतात आणि मी ठेका धरतो. हे मला लागत असे.

सगळ्यात जास्त लागायचं ते गुरुवारी. दर गुरुवारी दुपारी चारला आम्ही मिरजेतल्या एका वृद्धाश्रमात जायचो. तिथे साडू एकही गाणं पुरं करत नसत. एक कडवं म्हणायचं, दुसऱ्याची पहिली ओळ घ्यायची आणि पेटीचा भाता बंद. बाकीचं पुढच्या खेपेला म्हणून उठायचं, आणि पुढच्या खेपेला आपल्या ठरलेल्या दहा-बारा गाण्यांतलं दुसरंच काढायचं. कुठल्याही मैफलीच्या शेवटी भैरवी म्हणतात. ती झाली की मैफल संपली, मग कोणी काही गात नाही. साडूंनी तिथे भैरवी कधी म्हटलीच नाही. मी विचारलं की म्हणायचे, "कशाला घाई, साडूभाऊ? हितं कुनाला गाडी धरायची हाय?"

तिथे आष्ट्याकडच्या एका शेतकरी जैन घरातल्या आक्का होत्या, नव्वदीला टेकलेल्या. कोणतं गाणं कुठे तुटलं हे त्यांना तोंडपाठ. साडूंचं एक जुनं गाणं होतं, त्यात एक बाई विहिरीच्या तळाशी घागर भरते आणि पायऱ्या चढायला लागते. साडू तिथेच थांबले होते. आम्ही दारात दिसलो की आक्का म्हणायच्या, "आवं, तीन वर्सं झाली, ती बाई घागर घेऊन हिरीतच उबी हाय न्हवं?" साडू पेटी उतरवत म्हणायचे, "चढतीया, आक्का. पायऱ्या लय हायत्या." मग आठवडाभर तिच्या वाटेवर काय काय झालं असेल यावर आश्रमात वाद चालायचे. मला तो सगळा पोरखेळ वाटायचा.

एका गुरुवारी शिरवळला हायवेवर एका नव्या हॉटेलचं उद्घाटन होतं आणि साडूंना तिकडे जावं लागलं. तिकडे पेटी मिळणार होती, म्हणून आश्रमात मला एकट्याला जायला सांगून त्यांनी आपली पेटी माझ्याकडे ठेवली. मी इस्त्रीचा झब्बा घातला. या लोकांना एकदा तरी गाणं नीट, शास्त्रशुद्ध ऐकवायचं असं मी ठरवलं होतं. साडूंनी तीन वर्षं अर्धी ठेवलेली गाणी मी दीड तासात एकेक करून पुरी केली. त्या बाईला पायऱ्या चढवून घरी पोचवलं. मग रीतसर भैरवी म्हटली, आणि खरं सांगतो, इतकी चांगली मी कधीच म्हटली नव्हती. टाळ्या पडल्या. आक्का काठी टेकत जवळ आल्या.

"पोचली व्हय घरी?" त्यांनी विचारलं.

"पोचली. सगळी गाणी पूर्ण झाली," मी ऐटीत सांगितलं.

"बरं झालं, बाबा. मोकळं केलंसा," त्या म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. साडूंचा शिरवळहून फोन आला, काय काय म्हटलंत म्हणून. मी म्हणालो, नेहमीचंच.

पुढच्या गुरुवारी आक्का बाहेर आल्या नाहीत. अंथरुणावर होत्या. साडूंनी पेटी त्यांच्या खाटेशी नेली आणि एक नवं गाणं सुरू केलं. आक्कांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "नवं कशाला काढतासा? ह्यांनी समदं पुरं करून दिलंय की," असं म्हणून त्या माझ्याकडे बघून समाधानाने हसल्या. साडूंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी भाता हळूच मिटला.

सोमवारी आक्का गेल्या. वय झालं होतं, कोणाला कारण शोधावं लागलं नाही. माझ्या गाण्याने काही झालं असं मी म्हणत नाही. तेवढी ताकद त्यात असती तर बोलावणी मलाही आली असती. पण मी खोटं बोललो होतो, आणि साडूंनी मला चार शब्द ऐकवावेत म्हणून मी दोन दिवस त्यांच्या घरी जाऊन बसत होतो. तिसऱ्या दिवशी मीच विषय काढला. त्यांनी पेटीवरची धूळ पुसली.

"तुमचं चुकलं न्हाई," ते म्हणाले. "गानं पुरं करायचंच असतंय. आक्काची तयारी कवाच झाली हुती. मलाच धीर हुत न्हवता."

त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता साडू आश्रमात प्रत्येक गाणं शेवटच्या ओळीपर्यंत म्हणतात आणि साडेपाचला भैरवी गातात. मला हवं होतं तसंच सगळं रीतसर होतं. लोक हात जोडतात आणि आपापल्या खोल्यांत जातात, पुढच्या गुरुवारचं कोणी काही विचारत नाही. गेल्या खेपेला दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम ठेका चुकवला. वाटलं, साडू थांबतील, भाता मिटतील, काहीतरी निमित्त काढून उठतील. त्यांनी फक्त मान वर करून माझ्याकडे बघितलं, मला सांभाळून घेतलं आणि गाणं शेवटपर्यंत नेलं.