काश्ता

पोर्तुगालच्या सहलीत आम्हाला एका द्राक्षमळ्यात नेलं होतं. मळ्याची मालकीण, सत्तरीची बाई, वेलींवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा ‘काश्ता, काश्ता’ म्हणत होती. काश्ता म्हणजे द्राक्षाचा वाण, गाइडने सांगितलं. शेजारी स्पेनमध्ये ह्याच शब्दाने घोड्याची पैदास सांगतात, झुंजीच्या बैलाचं रक्त सांगतात. आपल्या तोंडी बसलेलं इंग्रजी ‘कास्ट’ इथूनच निघालं.

ह्या पोर्तुगीजांची गलबतं आपल्या किनाऱ्याला लागली, ह्यांनी आपलं गाव पाहिलं, आणि माणसांसाठी ह्यांना शब्द सुचला तो वेलींचा नि जनावरांचा. बरं, चिडायचं तरी कुणावर? जे दिसलं त्यालाच त्यांनी नाव दिलं.

बाई मात्र मजेत सांगत होती, की ह्या जुन्या मळ्यात सगळे वाण मिसळून लावलेत. ते एकत्रच तोडायचे आणि एकाच हौदात तुडवायचे. वाइनला चव येते ती त्यानेच, असं म्हणत तिने आमचे पेले भरले.

तेवढ्यात आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी घरच्या चिवड्याचा डबा माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला.

“तुमच्या आडनावावरून काही कळत नाही हो,” ते अगदी आपुलकीने म्हणाले. “आपल्यातलेच ना?”

मी जात सांगितली.

“जरा तिखटच झालाय,” असं पुटपुटत त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग बाईकडे वळून त्या मिसळलेल्या वाइनचा आणखी एक पेला मागून घेतला.