बालाजीरावांची सकाळची तपासणी

माझे सासरे बालाजीराव म्हणजे धास्तीचं माहेरघर. गॅस बंद केला तरी दोनदा हात लावून बघणार. तीन वर्षांपूर्वी त्यांचा फोन पाण्याच्या टाकीत पडला आणि सासूबाईंचे शेवटचे फोटो त्याच्याबरोबर गेले. सासूबाई स्तनाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या, वर्षभर यांनीच त्यांचं सगळं केलं.

तेव्हापासून तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या घरात टीव्हीमागे एक काळा डबा बसलाय. घरातला कुठलाही फोन किंवा कॉम्प्युटर वायफायच्या टप्प्यात आला, की त्याची प्रत आपोआप डब्यात उतरते. फोनमधून पुसलं तरी तिथे राहतं. पण मामंजींचा डब्यावर तरी कुठे विश्वास? नुसती प्रत काय कामाची, ती उघडली पाहिजे, असं म्हणत रोज कॉफीनंतर ते नवे फोटो एकेक उघडून बघतात. मी त्यांना हेडमास्तर म्हणायची.

काल अड्यारच्या कॅन्सर हॉस्पिटलात माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मिळाला. तोच रोग. अजून कुणालाच, अगदी नवऱ्याला, अरुणलाही, सांगितलं नव्हतं. मामंजींना ते सगळं पुन्हा बघायला लागू नये, एवढंच मनात होतं. बहिणीला पाठवायला रिपोर्टचा फोटो काढला आणि भाजी घेऊन घरी आले. डबा आठवला तो आज सकाळी, मामंजी लॅपटॉप उघडून बसल्यावर.

घाईघाईनं फोनमधला फोटो पुसला. उपयोग शून्य. स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिले. अरुणच्या ऑफिसातले फोटो गेले, माझी भाजी गेली, आणि त्यांचा हात थांबला. मैत्रिणीचा रिपोर्ट आहे, हे खोटं मी ओठावर तयार ठेवलं.

"सुष्मिता, इकडे ये मा," ते म्हणाले. मान वर केली नाही. "गाठ तपासून घ्या म्हणून डॉक्टरनं तुला दिलेल्या चिठ्ठीचा फोटो गेल्या सोमवारीच डब्यात आलेला. तेव्हापासून रोज रिपोर्ट शोधतो. आज आलाय. उघडायचा धीर होत नाही. तूच सांग."

पडद्यावर तो कागद नखाएवढा दिसत होता. आठ दिवस हा माणूस माझ्या हातची कॉफी पीत एकटाच भीत होता, आणि मी त्याला चिडवत होते. मला माझाच राग आला.

मी लॅपटॉप मिटला, त्यांच्या शेजारी बसले आणि तोंडानंच सांगितलं.