डाव्या हाताची मँडोलीन

आमच्या घरात डाव्या हाताला कोणी माणसात धरत नाही. डाव्या हाताने द्यायचं नाही, घ्यायचं नाही, देवाला फूल वाहायचं नाही. मी जन्माची डावखुरी. पाच वर्षांची होते तेव्हा बाबांनी आईच्या जुन्या साडीच्या पट्टीने माझा डावा हात कमरेला बांधला आणि उजव्याने पाटीवर अक्षर गिरवायला लावलं. आज मी कर्जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फळ्यावर माझं अक्षर सुरेख येतं, सगळे नावाजतात, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

बाबा लग्नाच्या बेंजो पार्टीत मँडोलीन वाजवायचे. हळदीला पार्टी मांडवात बसली की बाबा मागच्या ओळीत, ढोलाच्या आड. पुढे त्यांना कोणी बसवलंच नाही, कारण ते सुमार वाजवायचे. हे मी पोटची पोर असून सांगते. तार छेडायची चकती त्यांच्या उजव्या हातातून भर गाण्यात निसटायची आणि ठेका कायम थोडा मागे. पार्टीतले दात काढायचे. मीही काढायचे. असल्या माणसाने माझा हात बांधावा? त्या वाद्याला मी बोट लावलं की ओरडायचे, "डाव्या हातानं तारंला शिवू नको गं, पाप हाय!" वाहवा! स्वतः रोज त्या तारांचा छळ मांडायचे ते कुठलं पुण्य होतं, देव जाणे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ठरवलं की मँडोलीन शिकायची आणि बाबांच्या डोळ्यांदेखत, डाव्या हाताने, एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं. बाबा ऐंशीचे झालेत, कान अजून शाबूत आहेत. मला घाई होती.

आता साधी गोष्ट. मँडोलिनीत जाड तारा वर असतात, बारीक खाली. डावखुऱ्याने ती फिरवून धरली की बारीक वर आणि जाड खाली, सगळा गोंधळ. म्हणून डावखुऱ्याची मँडोलीन मुळातूनच उलट बनवतात. तारा ज्या खाचांत बसतात त्या खाचासुद्धा उलट. एवढं कळायला काय विलायतेला जावं लागतं?

कर्जतच्या दुकानदाराला लागत असावं. "ताई, वाद्य डावं-उजवं नसतं, माणूस असतो. सवय करा की," म्हणाला. जन्मभर सवयच केली बाबा, अजून किती करू? खोपोलीला दुसरा भेटला तो तर स्वतःला कारागीर म्हणवायचा. "त्यात काय मॅडम, तारा उलट्या लावल्या की झालं!" लावल्या. बारीक खाचांत जाड तारा मावेनात, रुंद खाचांत बारीक तारा डुगडुगायला लागल्या. छेडली तर डब्यात माशी कोंडल्यासारखा आवाज. "आवाज तर येतोय ना?" हे वर. मी ती मँडोलीन त्याच्या काउंटरवर ठेवली, त्याच्या कानांना कोपरापासून नमस्कार केला आणि बाहेर पडले.

शेवटी सापडली ती सरकारच्या कृपेने. मतदार यादीचं काम दर वेळी शिक्षकांच्या गळ्यात मारतात. त्यासाठी घरं मोजत मी खालापूरकडच्या एका फार्महाउसमध्ये शिरले. भाताच्या खाचरात हिरवळ, हिरवळीवर पोहायचा तलाव, तलावाकाठी हाफ पँटीतले मालक. मत मुंबईला, इथे फक्त शनिवार-रविवार. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांनी नांगर टांगला होता. सूप टांगलं होतं, जातं ठेवलं होतं, पॉलिश करून! माझ्या आजीने पाहिलं असतं तर तेच सूप त्यांच्या पाठीत घातलं असतं. आणि नांगर आणि सुपाच्या मधे एक मँडोलीन. मी जवळ जाऊन खाचा बघितल्या. उलट्या होत्या.

"ही डाव्या हाताची आहे," मी म्हणाले.

"हो का? परदेशातनं आणली होती. रंग छान वाटला."

"वाजवता?"

"छे हो! भिंत मोकळी दिसत होती."

विकता का विचारलं. मास्तरीणबाईंना झेपणार नाही असा चेहरा करून त्यांनी आकडा सांगितला. मी तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले. मग त्यांना भिंतीची काळजी पडली. "आता इथे काय लावू?"

"तुमचा फोटो लावा," मी म्हणाले.

तीन महिने शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून शिकले. बोटांना घट्टे पडले. बाबांना एवढंच माहीत की पोरीने वाद्य आणलंय. दसऱ्याच्या दिवशी त्यांच्यासमोर वाजवायचं मी पक्कं केलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून देवापुढे मांडतात. कोयता, विळी, माझी खडूची पेटी. बाबांची जुनी मँडोलीन कधीच मोडीत गेली, पण ती होती तेव्हा ते या दिवशी तिच्या तारा उतरवून पुसून परत चढवायचे. हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

झेंडू घेऊन कर्जतच्या बाजारातून परतले तर ओटीवर बाबा, मांडीवर माझी मँडोलीन. अर्ध्या तारा उतरवून त्यांनी जाड तारेच्या जागी बारीक आणि बारीक तारेच्या जागी जाड चढवायला घेतली होती. तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडायला तोंड उघडलं, आणि तशीच उभी राहिले.

बाबांना माझी चाहूल लागली नव्हती. केसाएवढी बारीक तार त्यांनी चिमटीत धरली, खुंटीच्या भोकात पहिल्या फटक्यात ओवली आणि भराभरा पीळ दिला. डाव्या हाताने. जन्मभर ज्याच्या हातातून चकती पडत आली तो माणूस! उजवा हात नुसता वाद्य धरून बसला होता.

मग त्यांनी मला पाहिलं. तार लगेच उजव्या हातात गेली आणि खाली पडली.

"कोण्या येड्यानं तारा उलट्या लावल्यात गं. सरळ करतोय."

"बाबा, तुमी डावखुरे हाव?"

ते डाव्या मनगटावरचा डाग चोळत राहिले. चुलीवर भाजलं होतं, एवढंच आम्हाला लहानपणापासून माहीत.

"तुज्या आज्यानं डागला व्हता," ते म्हणाले. "मी तुजा नुसता बांदला."

नुसता! म्हणजे माझ्यावर उपकारच. मला त्यांची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला संताप आला, त्यांचा, आज्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा. ढोलाच्या आड चुकीच्या हाताने आयुष्यभर झगडणाऱ्या माणसाला मी चाळीस वर्षं हसले.

फुलं खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर बसले. "ही डाव्याचीच हाय, बाबा. अशीच असते. परत होती तशी लावायची."

त्यांनी मँडोलीन फिरवून खाचा बघितल्या. एकेक खाच अंगठ्याने चाचपली. बराच वेळ.

"अशी मिळते?" त्यांनी विचारलं.

"मिळते."

त्यांनी चढवलेल्या तारा मी उतरवायला घेतल्या. बाबांनी खाली पडलेली बारीक तार उचलली, दोन्ही टोकं सरळ केली आणि डाव्या हाताने माझ्यापुढे धरली. मी ती डाव्या हाताने घेतली.