टाकीला वारा देणारी पंचफुलाबाई

पोखर्णीच्या रस्त्यावरच्या पंपावर मी शाळेत शिकवायला जाताना स्कूटीत पेट्रोल भरते. खरं सांगायचं तर गरज नसतानाही थांबते, ते पंचफुलाबाईंसाठी. साडीवर पंपाचा शर्ट घातलेली ही बाई थेंब सांडू देत नाही, पण मनाने भलतीकडेच फिरत असते. अशी माणसं मला फार आवडतात.

रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत काठी सोडून आत तेल किती उरलंय ते बघायचं, हे त्यांचं काम. फरशीतलं छोटं लोखंडी झाकण त्या उघडायच्या, पण काठी लगेच सोडायच्या नाहीत. आधी सगळं आवार झाडायचं, मग जवळ बसून राहायचं. ऊन तिरपं यायचं. उघड्या तोंडावरची हवा थरथरायची आणि तिची सावली पांढऱ्या भिंतीवर पाण्यासारखी हलायची. बाई त्या सावलीकडे अशा बघत बसायच्या, की गिऱ्हाइकाने हॉर्न वाजवला तरी ऐकू जायचा नाही.

"काय बघता हो रोज?" मी एकदा विचारलं.

"जमीन श्वास सोडायलीय, बाई. आतली वाईट हवा जाऊ द्यावं, मंग काठी सोडावं."

मी पण बघत उभी राहिले. शाळेला उशीर झाला, त्याचं मला काही वाटलं नाही.

उन्हाळा चढला तसं टाकीतलं पेट्रोल हिशोबापेक्षा कमी भरायला लागलं. मालक भागवतरावांनी नळ्या तपासल्या, मशीन तपासून घेतलं. गळती कुठेच नव्हती. मग माणसावर संशय आला, आणि तो रात्रपाळीच्या रंगनाथवर येऊन थांबला. का, तर तो कुणाशी बोलत नाही! न बोलणारा माणूस चोर असतो, हा शोध भागवतरावांचा. "महिना भरला की येऊ नको," त्यांनी सांगून टाकलं. चोर म्हणून काढलेल्याला दुसऱ्या पंपावर कोण उभं करणार? मला भागवतरावांचा भयंकर राग आला. पंचफुलाबाई भांडल्या, पण त्यांचं कोण ऐकतंय?

दुसऱ्या दिवशी मी स्कूटीचं झाकण उघडून उभी होते. त्यांनी नळी लावली आणि एकदम थांबल्या. माझ्या गाडीच्या सावलीशेजारी फरशीवर तीच पाण्यासारखी सावली हलत होती.

"बाई, ह्ये तर त्येच हाय."

"काय?"

"तुमच्या गाडीत कुठून आली वाईट हवा? पेट्रोलच उडून जायलंय ह्ये!"

नळी जागेवर अडकवून त्या तडक मालकांच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग गेले. पाळी संपवून घरी निघालेला रंगनाथ दारातच उभा होता.

"रंगनाथाला सोडा, मालक. पेट्रोल म्या घालवलं. वाईट हवा जावी म्हून झाकण उघडं टाकून बसायले मी रोज."

"अहो, टाकीला श्वासासाठी वेगळी नळी आहे!" भागवतराव ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

बाई तिथेच खाली बसल्या.

"आमच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं, जमिनीत खोदलेलं. उघडलं की आधी वारं खाऊ द्यायचं, मंग माणसानं आत उतरायचं. त्या दिशी पाव्हणे बसले होते, घाई होती. बाप तसाच उतरला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "वर आला न्हाई."

भागवतरावांचा आवाज खाली आला. "इथं कुणी आत उतरत नाही, पंचफुलाबाई. नुसती काठी जाते."

"ठावं हाय, मालक. पर झाकणाला हात लागला की जीव घाबरतो."

रंगनाथची नोकरी राहिली. आता बाई झाकण उघडतात आणि लगेच काठी सोडतात. काठी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरतात. पाळी संपलेला रंगनाथ तेवढ्यासाठी थांबतो, त्यांच्या शेजारी उकिडवा बसतो. काठी ओली होऊन बाहेर निघते, तेव्हा कुणाशी न बोलणारा हा माणूस हळूच म्हणतो, "आली बघा वर, अक्का."

मग त्या झाकण लावतात.