फॅमिली रूम वर नाही

सात रस्त्याहून पार्क चौकाकडे येताना हल्ली मी रिक्षात कडेची जागा धरते. आपल्या गावात एवढं बघण्यासारखं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. टायपिंग क्लासच्या जागी वॅफल मिळतात. फोटो स्टुडिओत आता कोरियन नूडल्स. बंद शटरवर 'लवकरच येत आहोत'चा फ्लेक्स दिसला की कॉलेजच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नसतो. मी तिथे फारसं लिहीत नाही, पण वाचते सगळं. कुठे कॉफीच्या फेसावर पानाची नक्षी काढून देतात, कुठे बिलाआधीच उठवतात, कुठला एसी खरंच लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

त्यातला एक कॅफे मला आत न जाताच आवडला होता. पूर्वी तिथे साड्यांचं दुकान होतं. पुढची भिंत काढून त्यांनी अख्खी काच लावली आणि काचेला लागून लांब फळी, तिच्यासमोर उंच स्टुलं. आमच्या वयाची मुलं-मुली तिथे रस्त्याकडे तोंड करून बसायची. मला त्यातल्या एका स्टुलावर बसायचं होतं. शनिवारी परीक्षा संपली की मैत्रिणी संध्याकाळी तिथेच जमणार होत्या. फक्त आईने हो म्हणायचं राहिलं होतं.

"आधी मला दाखव," आई म्हणाली. "कोण येतं, कोण बसतं, बघते. मग सांगते."

आमच्या घरात 'मग सांगते'चा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच निघतो. म्हणून पेपर नसलेल्या एका दुपारी मी तिला घेऊन गेले. रिक्षात मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. स्वच्छ आहे, मुलीही खूप येतात, घरापासून लांब नाही.

एकही वाक्य बोलायची वेळ आली नाही. दार उघडून एसीच्या गारव्यात आम्ही पाऊल टाकलं आणि आई माझ्यापुढून सरळ चालत निघाली. भरलेल्या टेबलांमधून, काउंटरच्या बाजूने, कोपऱ्यातल्या जिन्यावर. मी "आई, आई" म्हणेपर्यंत ती वर पोचली होती.

मला उशिरा कळलं. आम्ही आजवर ज्या ज्या हॉटेलात गेलो, तिथे बायका-मुलं वरच बसायची. जिन्याशी 'फॅमिली रूम'चा बाण, वर पडदे, घरघरणारा पंखा, दाराशी बेसिन. खालच्या हॉलमध्ये आई आयुष्यात कधी बसली नव्हती. तिचे पाय आपोआप जिन्याकडे वळले.

वर पेंटर शिडीवर होता. त्याचा आवाज खालपर्यंत आला. "काकू, हितं काम चालू हाय. रंग लागंल साडीला."

"मग फॅमिली कुटं बसती?"

"खालीच की समदी."

आई जिना उतरली तेव्हा सगळा कॅफे तिच्याकडे बघत होता. निदान मला तसं वाटलं. पळून जावं असं वाटत होतं, आणि शनिवार गेला हेही कळत होतं. आई मात्र शेवटच्या पायरीवर थांबली. पदर नीट केला आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "का गं, बायकांना येगळं काय न्हाई का?"

ती मुलगी माझ्याएवढीच असेल. हसली, पण आईला नाही. "नाही ना काकू. कुठंही बसा. काचेपाशी जागा आहे, तिथं गार लागतं."

"तू कुठली?"

"करमाळ्याची. हॉस्टेलला असते. सकाळी कॉलेज, दुपारी इथं."

"घरी माहितेय?"

"आई येऊन बसून गेली की. चार गोष्टी बोलूनही गेली, कॉफी कडू आहे म्हणून."

हे आईला पटलेलं दिसलं. करमाळ्याची एक आई आधी तपासून गेली होती, म्हणजे निम्मं काम झालं होतं.

अशा रीतीने मी शेवटी त्या स्टुलावर बसले. शेजारी आई, एक हात फळीला घट्ट धरून. तिला स्टूल जरा उंच होतं. समोर काच, पलीकडे उन्हातला रस्ता. मला इतका आनंद झाला होता की मेनू कार्डावरची अक्षरं दिसत होती पण वाचता येत नव्हती.

"वैरागला बाजारच्या दिवशी वडील हॉटेलात जायचे," आई रस्त्याकडे बघत म्हणाली. "आमी पोरी बाहेर स्टँडवर. भजी कागदात बांधून आणून द्यायचे. आत काय असतं, लई वाटायचं बघावं."

"मग कधी बघितलंस?"

"लग्नानंतर. तेव्हापण वर नेलं."

कोल्ड कॉफी आली. आईने स्ट्रॉ बाजूला काढून सरळ ग्लास तोंडाला लावला, तेवढ्यात समोरून आमच्या शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन जाताना दिसल्या. आईने झटकन मेनू कार्ड चेहऱ्यापुढे धरलं. पण काचेत कसलं लपणं. काकू थांबल्या, जवळ आल्या, डोळ्यांवर हाताची सावली करून आत बघायला लागल्या.

आईने कार्ड खाली ठेवलं. मग हाताने त्यांना आत या म्हणून खूण केली.

काकू दार ढकलून आल्या. माझ्याकडे बघितलं, आईच्या ओठावरच्या फेसाकडे बघितलं, आणि पिशवी सावरत जिन्याकडे निघाल्या. "अगं बाई, बरं झालं दिसलात. फॅमिली वर आहे ना?"

"वर काय न्हाई वहिनी," आई म्हणाली. शेजारचं स्टूल तिने पायाने ओढलं. "हितंच बसायचं. चढा सांभाळून, जरा उंच हाय."

काकूंना आम्ही दोघींनी मिळून चढवलं. त्या स्थिर झाल्यावर आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "शनिवारी जायचं तर जा. पण हीच जागा धरायची. काचेपाशी. आमी येता-जाता बघू."

आणि मग काकूंकडे वळून, "पुढची भिशी हितंच करू का?"