सावडीची सुरी

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाय. नवऱ्याला न्हाय, आईला न्हाय. आज तुमाला सांगते — आजच का, ते विचारू नका.

पण आधी सुगलाचं सांगू द्या. तिचं-माझं रान शेजारी. तिच्या सासरची मंडळी मेंढरंवाली. रानात ज्वारीबिगर दुसरं काय लावायचं हेच त्यांना ठाव न्हाय. ह्या बाईनं सासऱ्याशी भांडून एक तुकडा बटाट्याला मिळवला. "पीक आलं तर पुढंबी लाव. न्हाय आलं तर परत रानाचं नाव काढायचं न्हाय," म्हातारा सगळ्यांदेखत बोलला. तरी ही हसतीया! मी असते तर तितंच माघार घेतली असती.

माझा नवरा चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून आमचं रान माझ्या अंगावर. आणि तोंड तर काय, लई मोठं. "माझं घरचं बियाणं हाय, बाजारचं न्हाय," म्हणून गावभर मिरवलेलं. आदल्या साली माझ्या बटाट्याची चार-दोन झाडं हिरवीगार असतानाच मान टाकून सुकली व्हती. मी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

आमच्याकडं बटाट्याचं बियाणं कापायला, म्हंजी लावायच्या बटाट्याच्या फोडी करायला, बायका सावडीनं बसतात. आज माझं काम सगळ्यांनी करायचं, मग तुझं. मजुरी कुणी मागायची न्हाय. त्या दिवशी सकाळी माझं बियाणं व्हतं आणि दुपारनं सुगलाचं.

मी एक बटाटा कापला — आत तपकिरी कडं. दाबलं तर पांढरट चिकट थेंब वर आला. हा रोग हाय, हे मला कळलं का? व्हय, कळलं. असा बटाटा निघाला की सुरी उकळत्या पाण्यात बुडवायची, न्हायतर सुरीसंगं रोग दुसऱ्या बटाट्यात जातो, हे मी शेतीच्या मेळाव्यात ऐकून आले व्हते. पण पाणी तापवायला उठले असते तर बायका म्हणाल्या असत्या, "का गं, काय निघालं?" मग माझ्या घरच्या बियाण्याची काय शोभा राहिली असती?

मी तो बटाटा पदराखाली सारला. सुरी लुगड्याला पुसली. आणि दुपारी — त्याच सुरीनं सुगलाचं बियाणं कापलं. तिनं एकेक निवडून आणलेलं, चांगलं.

पुढं काय, तिची झाडं दुपारी माना टाकायला लागली. संध्याकाळी सावरायची, मग सावरेनाशीच झाली. सासू म्हणाली, हिचा हातच वाईट. सुगला रडत बसली न्हाय. तिनं झाडाचं खोड कापून काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात धरलं. खोडातून दुधासारखा धागा खाली उतरला. आता ह्याला औषध न्हाय, हे तिनं ओळखलं. एवढं भांडून लावलेलं पीक तिनं बटाट्यासकट स्वतःच्या हातानं उपटून जाळलं, बांध घालून पाणी अडवलं. आणि मग दारोदार सांगत फिरली, "माझ्या रानात रोग आलाय. माझ्या वाफ्यातलं पाणी घेऊ नका, माझी माती पायाला लावून तुमच्यात नेऊ नका."

स्वतःची बदनामी स्वतःच सांगत फिरायची! वाघीणच की बाई.

माझ्या दारातबी आली. "तुझं रान बघ गं. माझ्यामुळं तुझं नको जायला." माझी झाडं तवा सुकायला लागलेलीच व्हती. "माझ्यात पाणी जास्त झालं," मी म्हणाले. तिनं लगेच खरं मानलं.

म्हाताऱ्यानं तुकडा काढून घेतला. तितं परत ज्वारी आली. सुगलाला बटाटा लावायला रान मिळालं न्हाय, ते आजपातूर न्हाय.

तरी सावडीला ती येते. ज्या अंगणात बियाणं असंल तितं आधी चूल पेटवते, पाण्याला उकळी आणते, एक सुरी हातात आणि एक पाण्यात, असं सगळ्यांकडनं करून घेते. तिच्यामुळं अख्ख्या गावाचा बटाटा चांगला राहतो, हे मी शपथेवर सांगते. नव्या सुना विचारतात, एवढं कशाला? मग ती कसलीबी लाज न धरता सांगते — "माझी चूक झाली व्हती. मी बियाणं नीट बघितलं न्हाय, सगळं पीक गेलं. तुमी तसं करू नका."

चूक तिची न्हवती. माझी व्हती. आणि ती हे सांगत असते तवा मी तिच्या शेजारीच बसलेली असते — मान हलवत.